दादाचं अक्षर कुठे गोंदवून घेऊ?

नमस्कार ताई,

मी २७ वर्षांची आहे, रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करते. दोन वर्षांपूर्वी माझा मोठा भाऊ गेला. मी रात्रपाळीला निघाले की दाराजवळ त्याची चिठ्ठी असायची, 'पोचलीस की कळव'. त्यातली एक चिठ्ठी माझ्याकडे राहिली आहे. ते तीन शब्द मला त्याच्याच अक्षरात गोंदवून घ्यायचे आहेत, अगदी बारीक. पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस असतो, त्याच दिवशी. मनगटावर घ्यावं असं वाटतं, म्हणजे मला सतत दिसेल. मैत्रीण म्हणते बोटाच्या कडेला घे, नाजूक दिसतं. गळ्याच्या हाडाखालची जागाही मला आवडते. पण कामावर कोणी 'हे काय लिहिलंय?' म्हणून विचारलं तर मला बोलता येईल असं वाटत नाही. आईला अजून काही सांगितलेलं नाही. आणि एक विचारायचं होतं. लहानपणी कान टोचले तेव्हा एका कानाच्या पाळीवर गाठ आली होती, ती अजून आहे. त्याचा याच्याशी काही संबंध येतो का?

– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. संबंध येतो, आणि बाकी काहीही ठरवण्याआधी त्याचाच निकाल लागायला हवा. कान टोचल्यावर आलेली आणि इतकी वर्षं तशीच राहिलेली गाठ कीलॉइड असू शकते. जखम भरून आली तरी तिथली त्वचा वाढायची थांबत नाही, जखमेची हद्द ओलांडून फुगत राहते, असा तो प्रकार. टॅटू म्हणजे शेवटी सुईने केलेल्या असंख्य बारीक जखमाच. ज्यांच्या त्वचेला ही सवय असते त्यांच्या टॅटूवरही अशी गाठ उठू शकते, आणि ती लगेच येते असं नाही. काही महिने गेल्यावरही येते. प्रत्येक गाठ कीलॉइडच असते असं मात्र नाही, हे तुला कामामुळे ठाऊक असेलच. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना कान दाखव. घरात आणखी कोणाला अशा गाठी येतात का ते सांग. लशीची, कापल्या-भाजल्याची जुनी खूण अंगावर असेल तर ती कशी भरली आहे तेही दाखव. डॉक्टरांनी नको म्हटलं तर ते ऐक. दादाचं तेच अक्षर पदकावर किंवा कड्याच्या आतल्या बाजूला कोरून घेता येतं, आणि ते अंगावरच राहतं.

पुढचं सगळं डॉक्टरांनी होकार दिला आहे असं धरून लिहिते.

जागा निवडताना बहुतेक जण 'कुठे छान दिसेल?' इथून सुरुवात करतात. ज्या टॅटूमागे एखादं माणूस आहे, त्याच्यासाठी हा प्रश्न नंतरचा आहे असं मला मनापासून वाटतं. आधी हे ठरव की ही अक्षरं कोणी वाचायची आहेत. तुझ्या पत्रात दोन इच्छा शेजारी शेजारी आहेत. अक्षर तुला सतत दिसावं, आणि त्याबद्दल कोणी विचारू नये. मनगटावर या दोन्ही एकत्र नांदणार नाहीत. रुग्णाच्या हाताची शीर शोधत असताना तुझं मनगट त्याच्या डोळ्यांसमोर असतं. खाटेवर पडून असलेल्या माणसाला वेळ जात नसतो. तो वाचणार, आणि वाचलं की विचारणार, तेही आपुलकीनं. 'भावाचं अक्षर आहे' असं तू म्हणालीस की पुढचा प्रश्न येतो, 'काय करतो भाऊ?' एखाद्या दिवशी तुला उत्तर देता येईल, देऊन बरंही वाटेल. पण एखाद्या दिवशी सहा तासांची पाळी अजून बाकी असेल आणि तो प्रश्न पेलणार नाही. टॅटूची जागा ठरवताना आपण हेही ठरवत असतो की आपली गोष्ट किती जणांना, किती वेळा सांगावी लागणार. जागा चेहऱ्याच्या जितकी जवळ, तितक्या जास्त वेळा ती सांगावी लागणार, इतकं साधं ते नाही. हात हा तुझ्या कामाचाच भाग आहे, म्हणून तुझ्या बाबतीत मनगट सर्वांत उघडं आहे.

आणखी एक विचार करून बघ. तुला ते अक्षर खरंच सतत दिसायला हवंय, की हवं तेव्हा पाहता यायला हवंय? मला हे दोन वेगळे वाटतात. रोज दिवसभर नजरेसमोर असणाऱ्या गोष्टीवरून डोळा काही महिन्यांतच सरकून जायला लागतो. जे पाहण्यासाठी हात जरासा वळवावा लागतो, ते आपण मुद्दाम, मनात आलं म्हणून पाहतो. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं तेव्हा मला वाटलं की तुला दुसरं हवं आहे. चुकत असेन तर तुझं मन तुला सांगेलच, आणि मग मनगटाचाही विचार कर. पण काळजीपूर्वक कर.

गळ्याच्या हाडाखालची जागा मी तुझ्यासाठी सरळ बाजूला ठेवेन. छाती, खांदे आणि पाठीचा वरचा भाग इथे कीलॉइड जास्त येतात, आणि कानाच्या गाठीचा इतिहास असताना ही जोखीम कशाला घ्यायची? शिवाय ती जागा तुला स्वतःच्या डोळ्यांनी धड दिसणारही नाही. आरशात बघावी लागेल, आणि आरशात अक्षर उलटं दिसतं. फुलाला किंवा चांदणीला त्याने फरक पडत नाही. लिहिलेल्या ओळीला पडतो. दादाने तुला लिहिलेलं वाक्य जगातल्या सगळ्यांना सुलटं आणि एकट्या तुला कायम उलटं दिसावं, हे मला काही केल्या पटत नाही.

बोटाच्या कडेबद्दलही माझं मत ठाम आहे. नको. तळहाताकडची आणि बोटांच्या कडेची त्वचा जाड असते, सतत घासली जाते, वाकते. तिथे शाई एकसारखी बसत नाही. कुठे रेघ तुटते, कुठे पसरते, आणि पुन्हा पुन्हा गोंदवून घ्यावं लागतं. तू दिवसातून कितीतरी वेळा साबणाने हात धुतेस, सॅनिटायझर लावतेस. टॅटू भरत असताना ती जागा म्हणजे उघडी जखम असते; ती हाताच्या बोटावर घेऊन वॉर्डात काम करणं तुझ्यासाठीही धोक्याचं आणि रुग्णासाठीही. मैत्रिणीने पाहिलेले नाजूक टॅटू बहुधा गोंदवल्या दिवशीच टिपलेले असतात. कोणत्याही कलाकाराकडे जाशील तेव्हा त्याने केलेल्या, पूर्ण भरलेल्या, दोन-तीन वर्षं जुन्या झालेल्या बारीक अक्षरांचे फोटो माग. ते दाखवायला ज्याच्याकडे नसतील, त्याच्याकडे हे काम देऊ नकोस.

आता 'अगदी बारीक' या शब्दांकडे येते, कारण जागेचा निम्मा निर्णय तिथे आहे. सुई त्वचेत साधारण एक ते दोन मिलिमीटर जाते. वरचा थर महिन्याभरात बदलत राहतो, तिथली शाई गळून जाते. टिकते ती त्याच्या खालच्या थरातली. तिथे शरीराच्या संरक्षक पेशी शाईचे कण बाहेरचं काहीतरी समजून गिळतात आणि धरून ठेवतात. त्या पेशी मेल्या की शाई सुटते आणि नव्या पेशी ती पुन्हा गिळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरच्या प्रयोगात हे दाखवलं. शाई टिकते ती अशी हातोहात. पण या सगळ्यात थोडी शाई सरकते, थोडी लसिकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड) वाहून जाते, उन्हाने थोडी फिकी होते. परिणाम एवढाच की आज केसासारखी असलेली रेघ काही वर्षांनी जाड आणि मऊ होते. हे कलाकार कितीही चांगला असला तरी होतं.

आणि आपल्या लिपीत याची किंमत जास्त मोजावी लागते. 'कळव' हा एकच शब्द घे. क, ळ, व, तिन्ही अक्षरांच्या पोटात मोकळी जागा आहे. ती भरली की अक्षर गेलं. ळचे दोन गोल एकमेकांत मिसळले की उरतो तो ठिपका. बाकीच्या दोन शब्दांत वर वेलांट्या आणि मात्रा आहेत, त्या शिरोरेघेला चिकटतात. म्हणून मात्रा सोडून नुसत्या अक्षराची उंची सात-आठ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नकोस, आणि अक्षरांमधल्या फटी चिठ्ठीत आहेत त्याहून थोड्या मोकळ्या ठेवायला सांग. तुझ्या तीन शब्दांत आठ अक्षरं आणि मधल्या दोन जागा आहेत. एका ओळीत घेतलंस तर या मापाने सात-आठ सेंटिमीटर लागतील. मनगटाच्या आतल्या बाजूला एवढी रुंदी नसते. ओळ वळून कडेला जाईल आणि वाचायला हात फिरवावा लागेल. दोन ओळींत घेतलंस, वर 'पोचलीस की' आणि खाली 'कळव', तर साडेचार-पाच सेंटिमीटरमध्ये बसतं.

हे सगळं जमेस धरून मी सुचवेन ती जागा: डाव्या दंडाची आतली बाजू. काखेच्या फार जवळ नको, तिथे घाम आणि घर्षण असतं. युनिफॉर्मची बाही जिथे संपते त्याच्या किंचित वर. हात खाली असताना ती जागा शरीराला टेकलेली असते, कोणाला दिसत नाही. तू हात थोडा उचलून बाहेर वळवलास की तुला संपूर्ण ओळ वाचता येते. ऊन तिथे क्वचितच पोचतं, त्यामुळे काळी शाई जास्त काळ काळी राहते. हात धुताना साबण-पाणी तिथवर जात नाही, म्हणून भरतानाही कामाचा त्रास कमी. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, दंडाच्या बाहेरच्या बाजूपेक्षा इथे दुखतं जास्त. पण एवढ्याशा मजकुराला फार वेळ लागत नाही, आणि रात्रपाळ्या काढणाऱ्या मुलीला ते सोसेल. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे. तिथली त्वचा पातळ असते. सुई हवी त्याहून खोल गेली तर शाई खालच्या चरबीच्या थरात उतरते आणि रेघेभोवती निळसर धूसर कड पसरते. ती मागे घेता येत नाही. म्हणूनच नवशिक्या हाताखाली ही जागा देऊ नये.

दंड कोणत्याही कारणाने जमला नाही तर मांडीचा पुढचा भाग, गुडघ्याच्या बराच वर. बसल्यावर तुला सरळ दिसतो, दुखतं कमी, जागा भरपूर. घोटा मी सुचवणार नाही. तिथे हाड लगेच लागतं आणि मोजे, चपला घासत राहतात. जागा कोणतीही ठरली तरी तिथे तीळ असेल तर त्याच्यावर काही येऊ देऊ नकोस. तिळात बदल झाला तर तो शाईखाली झाकला जातो. शाई फक्त काळी घे. रंगांमध्ये लाल शाईची ॲलर्जी सर्वांत जास्त दिसते, आणि हस्ताक्षराला रंगाची गरजही नाही.

अक्षरांचं तोंड कुणीकडे, यावर कलाकाराशी तुझं थोडं बोलणं होईल. हात खाली सोडून उभं राहिल्यावर समोरच्याला सुलटं दिसावं, अशी त्यांची रीत असते, आणि चित्रासाठी ती बरोबरही आहे. पण ही चिठ्ठी तुला लिहिलेली आहे. तू हात वर वळवून बघशील तेव्हा तुला सुलटी वाचता यावी, असं मी म्हणेन. लोकांना उलटी दिसली तर दिसू दे.

ठरवण्याआधी वापरून बघ. चिठ्ठीची प्रत छापून देणारे तात्पुरते टॅटूचे कागद मिळतात; नाहीतर मैत्रिणीकडून पेनाने लिहून घे. एक आठवडा मनगटावर, पुढचा आठवडा दंडावर. कामावर, घरी, कपडे बदलताना, झोपताना काय वाटतं ते बघ. कोणी विचारलं तर तुझ्या पोटात काय झालं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त सांगून जाईल. तात्पुरत्या टॅटूच्या नावाखाली जी काळी मेंदी लावतात ती मात्र नको. तिच्यात पीपीडी नावाचं केसांच्या कलपातलं रसायन असू शकतं, त्याने त्वचा भाजल्यासारखी होते आणि डागही राहतात.

मूळ चिठ्ठी दुकानात नेऊ नकोस. ती सपाट ठेवून स्कॅन कर आणि मोठ्या आकारात छापलेली प्रत ने. कलाकाराला सांग की अक्षर 'सुधारायचं' नाही. वाकडी वेलांटी वाकडीच हवी, शिरोरेघ जिथे सुटली आहे तिथे सुटलेलीच हवी. त्याला मराठी वाचता येत नसेल तर रेघा कुठे जुळतात, कुठे नाही, हे त्याला कळणार नाही, आणि नकळत तो एखादी फट जोडून टाकेल. त्वचेवर स्टेन्सिल, म्हणजे गोंदवण्याआधीचा नमुना, उमटवला की घाई करू नकोस. उभी राहा, हात सैल सोड, मग वळव, मग वाकव. दंडाची त्वचा हाताबरोबर पिळली जाते. टेबलावर सरळ दिसलेली ओळ उभं राहिल्यावर तिरकी होऊ शकते. एकेक अक्षर मोठ्याने वाच. पटलं नाही तर पुसून पुन्हा लावायला सांग, दोनदा, तीनदा. यात संकोच करायचं काही कारण नाही. नवी सुई तुझ्यासमोर पाकिटातून काढणं, शाई वेगळ्या छोट्या वाटीत घेणं, हातमोजे, हे सगळं तुला मी शिकवायची गरज नाही. तुझा डोळा माझ्याहून तयार आहे. रक्तदान करत असशील तर टॅटूनंतर ठरावीक काळ करता येत नाही, तो किती हे रक्तपेढीत आधी विचारून ठेव.

'नाही आवडला तर लेझरने काढू' हा आधार मनात धरू नकोस. त्याला अनेक बैठका लागतात, मध्ये आठवड्यांचं अंतर ठेवून. २००९ साली कर्बी आणि देसाई या डॉक्टरांनी टॅटू निघायला किती बैठका लागतील याचा अंदाज बांधायची एक मोजपट्टी मांडली, तिच्यात शरीरावरची जागाही मोजली जाते. हाताच्या-पायाच्या टोकाकडचे टॅटू निघायला जास्त वेळ घेतात. सावळ्या त्वचेवर लेझरने रंग बदलण्याचा धोकाही अधिक असतो. आणि गाठीची प्रवृत्ती असेल तर त्वचेला दुसऱ्यांदा छेडणं आणखी अवघड.

आईला आधी सांग. परवानगीसाठी नव्हे, तू मोठी आहेस. पण ते अक्षर तिच्या मुलाचं आहे. एखाद्या संध्याकाळी तू हात वर केलास आणि ते तिला अचानक दिसलं, तर त्या क्षणी तिला काय होईल याचा विचार कर. तिला चिठ्ठी दाखव, जागा दाखव. ती नको म्हणाली तर तिच्या 'नको'त काय आहे ते शांतपणे विचार. दुखेल, पिकेल ही भीती असेल तर डॉक्टरांचं म्हणणं तिला सांगता येईल. ते अक्षर रोज बघवणार नाही असं असेल, तर ती जागा झाकलेली असते हे तिला दाखव. तेवढ्यानेही तिला धीर येईल असं मला वाटतं. कदाचित तिला जवळ बसून बघायचंही असेल. तेही विचार.

राहिला वाढदिवस. त्या दिवशी घेऊ नकोस असं मी म्हणेन. वरवर भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात, पूर्ण भरायला आणखी जास्त. पुढच्या महिन्यापर्यंत डॉक्टर, कलाकाराचा शोध आणि वापरून बघणं हे सगळं बसणार नाही. आणि त्या दिवशी तुझे हात थरथरतील, रडू येईल, तर बारीक अक्षरासाठी लागणारी स्थिरता तुझ्याकडे नसेल. पुढे एखादा साधा दिवस बघ, ज्याला लागून दोन-तीन दिवस सुट्टी मिळेल. रात्रपाळी संपवून थेट तिथे जाऊ नकोस. आधी झोप काढ, नीट जेव, आणि मैत्रिणीला बरोबर घे.